तो दिवा रविवर्मांचा नाही: सावंतवाडीच्या हळदणकरांची आणि रंग मिसळण्याची गोष्ट

दिवाळीच्या सकाळी व्हॉट्सॲप उघडलं की एक चित्र हमखास येतं. एक तरुण स्त्री उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांतून लालसर उजेड झिरपतोय, चेहरा उजळलाय आणि मागे सगळं हळूहळू गडद होत गेलंय. खाली ओळ असते की हे राजा रविवर्मा यांचं अजरामर तैलचित्र आहे.

मी स्वतः ते दोन वर्षं फॉरवर्ड केलं. तिसऱ्या वर्षी फॅमिली ग्रुपवर माझ्या आत्येने मला पकडलं. तिचं म्हणणं साधं होतं. चित्र रविवर्मांचं नाही, आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे. आणि ते तैलचित्रही नाही, जलरंगातलं आहे. मालवणात वाढलेला, कोकणाबद्दल तासभर बोलू शकणारा मी गप्प झालो. एका ओळीत दोन चुका, आणि दोन्ही मी पन्नास जणांना पाठवल्या होत्या.

मग मी शोधत बसलो. हा माणूस कोण होता, आणि तेलात रंग मिसळणं व पाण्यात रंग मिसळणं यात एवढा काय फरक आहे, की माध्यम चुकीचं सांगितलं तर त्या माणसाचं अर्धं कौशल्यच पुसलं जातं? आज तीच गोष्ट सांगतो. चित्रकलेचा गंध नसला तरी चालेल. फोटो एडिटिंग ॲपमध्ये लेयर आणि ओपॅसिटी वापरली असेल, तर बरंचसं तुम्हाला आधीच माहीत आहे.

सावंतवाडी, १८८२

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ चा, सावंतवाडीचा. आज आपण ज्याला सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतो तो १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. हळदणकरांच्या लहानपणी सावंतवाडी हे भोसले घराण्याचं छोटं संस्थान होतं.

छोटं असलं तरी हे गाव रंगांच्या बाबतीत श्रीमंत. सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. चितारी कारागिरांनी लाखेत आणि रंगात केलेली फळं, पाट, पाळणे. दशावताराची चित्रं असलेले गोल गंजिफाही इथलेच. या कामात रंग सपाट आणि ठसठशीत असतो. लाल म्हणजे लाल, पिवळा म्हणजे पिवळा, मध्ये बारीक काळी रेघ. एक रंग दुसऱ्यात विरघळत नाही, आणि त्यातच त्याची शान आहे.

हळदणकरांनी पुढे आयुष्यभर जे केलं ते याच्या अगदी उलट. त्यांच्या चित्रात रेघ जवळपास नसतेच. गाल कुठे संपला आणि सावली कुठे सुरू झाली हे बोट ठेवून दाखवता येत नाही. ही दुसरी भाषा शिकायला त्यांना मुंबई गाठावी लागली. शाळेत त्यांचा हात ओळखला गेला, संस्थानातूनही प्रोत्साहन मिळालं, आणि १९०३ मध्ये ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं. सावंतवाडीकडची माणसं वेंगुर्ल्याच्या बंदरातून बोटीने मुंबईला जायची. एकविशीतल्या मुलासाठी चित्रकला शिकायला एवढ्या लांब जाणं हा तेव्हा मोठाच जुगार होता.

जेजेमधला पहिला धडा: रंग विसरा

जेजेमध्ये तेव्हा सेसिल बर्न्स प्राचार्य होते आणि महादेव विश्वनाथ धुरंधर शिकवत होते. शिक्षणाची पद्धत युरोपातल्या अकादमींची. विद्यार्थ्याला लगेच रंग मिळत नसत. आधी प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून नुसत्या छायाप्रकाशाचा अभ्यास चाले.

का? हे समजायला फोनवर एक प्रयोग करा. कुठलाही चांगला फोटो घ्या आणि सॅच्युरेशन शून्यावर आणा. फोटो काळा-पांढरा होईल, पण चेहरा अजूनही गोल दिसेल, नाक अजूनही पुढे येईल. आता उलट करा. रंग तसेच ठेवून कॉन्ट्रास्ट अगदी खाली आणा. चेहरा कागदासारखा चपटा होईल. म्हणजे गोलाई दाखवायचं काम रंगाची जात करत नाही, तर त्याचा उजळपणा करतो. चित्रकार याला व्हॅल्यू किंवा छटेचं मूल्य म्हणतात.

रंग मिसळण्याचं सगळं कसब यावर उभं आहे. नवशिक्याला वाटतं की ब्रश घासत राहिलं की रंग मऊ मिसळेल. प्रत्यक्षात उजेड, मधली छटा आणि सावली यांची मूल्यं आधी बरोबर हवीत. ती चुकली तर कितीही घासा, चेहऱ्याची नुसती धुरकट पोळी होते.

तेल का मिसळतं

आता तैलरंग. त्यात दोनच मुख्य गोष्टी असतात: रंगद्रव्याची बारीक पूड आणि तेल. हे तेल बहुतेक वेळा जवसाचं असतं. आपल्याकडे घरोघरी मिळणारं खोबरेल का चालत नाही? कारण खोबरेल सुकतच नाही. थंडीत गोठतं, उन्हात वितळतं, पण महिनोन्‌महिने चिकटच राहतं. जवसाच्या तेलातल्या रेणूंमध्ये असे दुहेरी बंध असतात जे हवेतला ऑक्सिजन पकडतात आणि एकमेकांना जोडले जाऊन घट्ट जाळं तयार करतात. त्यामुळे तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तो हवा पिऊन घट्ट होतो.

याला वेळ लागतो. पातळ थर काही दिवसांत हाताला सुकल्यासारखा लागतो, जाड थराला आठवडे जातात. अंबरसारखा तपकिरी रंग लवकर सुकतो, काही काळे रंग रेंगाळतात. एक सावधगिरीही लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. घट्ट होताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हा उशीर म्हणजेच तैलरंगाची ताकद. आज दुपारी लावलेला गाल संध्याकाळीही ओला आहे, म्हणजे दुरुस्तीचं बटण अजून चालू आहे. चार मुख्य पद्धती पाहू. उदाहरणाला रातांबा घेऊ, कोकमाचं ते पिकलेलं लाल फळ. डावीकडून उजेड येतोय अशी कल्पना करा.

पहिली पद्धत, ओल्यात ओलं. उजेडाकडचा लाल, मधला लाल आणि सावलीतला गडद लाल असे तीन ढीग पॅलेटवर आधीच तयार करा. तिन्ही शेजारी शेजारी लावा. मग स्वच्छ, कोरड्या, मऊ ब्रशने फक्त सांध्यावर हलका हात फिरवा आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश पुसा. ब्रश पुसला नाही तर सावलीचा रंग उजेडात जातो, उजेडाचा सावलीत, आणि चिखल तयार होतो.

दुसरी, तुकड्यांची पद्धत. इथे ब्रशने घासायचंच नाही. तीनऐवजी सात-आठ छटा तयार करायच्या आणि फरशी बसवावी तसे छोटे तुकडे शेजारी ठेवायचे. दोन पावलं मागे गेलं की डोळाच ते जोडतो. तुमच्या फोनचा स्क्रीन हेच करतो. त्यात लाल, हिरवे आणि निळे बारीक ठिपके शेजारी असतात आणि जोडणी डोळ्यात होते.

तिसरी, ग्लेझ. खालचा थर पूर्ण सुकल्यावर तेलात पातळ केलेला पारदर्शक रंग वरून पसरायचा. उजेड त्यातून आत जातो, खालच्या थरावर आपटतो आणि परत त्याच रंगातून बाहेर येतो. एडिटिंग ॲपमधला मल्टिप्लाय मोड जवळपास हेच करतो. खालचा रंग गुणिले वरचा रंग, म्हणून निकाल नेहमी थोडा गडद पण खोल.

चौथी, स्कंबल. ग्लेझच्या उलट. सुकलेल्या गडद थरावर फिका, जरा कोरडा रंग ब्रशने घासून असा लावायचा की खालचं मधूनमधून दिसत राहील. रातांब्याच्या सालीवरची ती धुरकट चमक अशी येते.

आणि एक नियम: खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी आखडतो, खालचा नंतर हलतो आणि काही वर्षांनी भेगा पडतात.

फोनचं गणित आणि रंगाचं गणित

इथे एक गंमत. ॲपमध्ये शुद्ध निळा लेयर घ्या, वर शुद्ध पिवळा ठेवा आणि ओपॅसिटी ५० टक्के करा. काय मिळेल? राखाडी. कारण निळा म्हणजे ०, ०, २५५ आणि पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. दोघांची सरासरी १२८, १२८, १२८. पण हेच दोन रंग पॅलेटवर मिसळले तर मिळतो हिरवा.

कारण फोन उजेडाची बेरीज करतो आणि रंगद्रव्य उजेडाची वजाबाकी. निळी पूड लाल-पिवळा उजेड खाते, पिवळी पूड निळा-जांभळा खाते. दोघांच्या तावडीतून जो वाचतो तो हिरवा.

म्हणूनच रातांब्याची सावली करायला लालमध्ये काळा ओतू नका, रंग मरतो. गडद किरमिजी लालमध्ये किंचित हिरवा टाका. लाल आणि हिरवा एकमेकांचा उजेड खातात आणि सावली गडद होते, पण जिवंत राहते. उजेडाकडच्या भागातही पांढरा ओतू नका, रातांबा गुलाबी खडूसारखा दिसेल. थोडा नारिंगी द्या आणि पांढरा फक्त चमकेच्या ठिपक्यापुरता ठेवा.

पंचविशीतला मास्तर

परत हळदणकरांकडे. १९०८ मध्ये, पंचविशीतच, त्यांनी मुंबईत स्वतःची शिकवण्याची संस्था काढली, हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट. आजच्या भाषेत नोकरी शोधायच्या वयात त्यांनी स्टार्टअप टाकला. त्या काळी व्यक्तिचित्रांना मागणी होती. संस्थानिक, शेटजी, न्यायाधीश यांना भिंतीवर आपलं तैलचित्र हवं असे. अशा चित्रात चेहरा हुबेहूब हवा आणि कातडी जिवंत वाटायला हवी, म्हणजे वरच्या चारही पद्धती हातात हव्यात. हळदणकर तैलरंगात पक्के होते.

१९१८ मध्ये मुंबईत आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्ये ते होते. आधीची बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून प्रदर्शनं भरवत होती. तिचं सुवर्णपदक त्यांना १९२५ मध्ये मोहमेडन पिलग्रिम या चित्रासाठी मिळालं. त्यांचा मुलगा गजानन हळदणकरही पुढे चित्रकार झाला.

एवढं सगळं तेलात जमत असताना या माणसाने आपलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र पाण्यात केलं. ही निवड किती अवघड होती ते आता पाहू.

पाण्यात अनडू नाही

जलरंगात तेल नसतं. रंगद्रव्य गोंदात बांधलेलं असतं, पाण्याने पातळ करायचं आणि कागदावर सोडायचं. पाणी उडालं की रंग वाळला. तेलाला दिवस लागतात, याला मिनिटं. रंग मिसळायची जी काही संधी आहे ती कागद ओला आहे तोवरच.

त्यातही वेळ साधावी लागते. कागद फार ओला असेल तर रंग भलतीकडे पळतो. अर्धवट वाळलेला असताना ओला ब्रश टेकवला तर पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखा दातेरी डाग पडतो. पूर्ण वाळल्यावर टेकवला तर कडक कड येते. मऊ मिसळण हवी असेल तर मधला एकच टप्पा बरोबर आहे, जेव्हा कागदावरची पाण्याची चमक नुकतीच मावळत असते. कोकणात पावसाळ्यात हा टप्पा लांबतो, मे महिन्यात पंख्याखाली तो पटकन निसटतो. कुठलंही घड्याळ ते सांगत नाही, कागद तिरका धरून बघावं लागतं.

दुसरी अडचण पांढऱ्याची. तैलरंगात शेवटी पांढरा ठिपका ठेवून चमक आणता येते. पारंपरिक पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. म्हणजे ज्योत कुठे असेल ते पहिल्या मिनिटाला ठरवायचं, आणि शेवटपर्यंत त्या जागेवर रंगाचा थेंब पडू द्यायचा नाही. तेलात अंधाराकडून उजेडाकडे चढता येतं. पाण्यात उजेडाकडून अंधाराकडेच उतरावं लागतं आणि परतीचा रस्ता जवळजवळ नाही. ओल्या ब्रशने थोडा रंग उचलता येतो, पण कागदावर ओरखडा राहतो. प्रॉडक्शन सर्व्हरवर थेट कोड लिहिण्यासारखं आहे हे, तेही बॅकअपशिवाय.

दिव्यापुढे उभी असलेली लेक

इंग्रजीत ग्लो ऑफ होप नावाने ओळखलं जाणारं ते चित्र म्हणजे हळदणकरांची लेक. दिवाळीच्या दिवसांत साडी नेसून, हातात दिवा घेऊन उभी असलेली मुलगी बापाने पाहिली आणि तिलाच समोर उभं करून चित्र केलं. कल्पना इतकी घरगुती आहे. आपल्या कुठल्याही घरात तिन्हीसांजेला दिसेल असं दृश्य.

पण त्याचं तंत्र बघा. अंधाऱ्या खोलीत ज्योत आणि कोपरा यांच्या उजळपणात हजारो पटींचा फरक असतो. कागदाकडे तेवढी रेंज नसते. पांढरा कागद त्याच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी साधारण ९० टक्के परत पाठवतो, अगदी गडद रंग तीन-चार टक्के. म्हणजे हातात फक्त पंचवीस-तीस पटींचा फरक. हजारो पटींचं दृश्य तेवढ्यात बसवायचं आणि तरी दिवा पेटलेला वाटला पाहिजे. तुमचा फोन एचडीआर फोटो काढताना हेच करतो, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. फोनला ते करायला वेगळा प्रोसेसर लागतो. हळदणकरांनी ते डोळ्याने केलं.

युक्ती अशी. ज्योतीभोवतीचं सगळं ज्योतीपेक्षा एक पायरी खाली ठेवायचं, त्याच्या पुढचं आणखी एक पायरी खाली, असं थेट कडेपर्यंत. चेहरा उजळ आहे, पण ज्योतीएवढा नाही. पायऱ्या कुठेही दिसता कामा नयेत. एक जरी पायरी उघडी पडली तर दिवा विझला.

आणि ती बोटं. आत्ता करून पाहा. अंधारात फोनचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट ठेवा. बोट लाल पेटतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-निळा उजेड जास्त शोषतं आणि लाल बराचसा सोडून देतं, शिवाय उजेड कातडीच्या आत पसरतो. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडी मोजणारी ॲप्स याच गोष्टीवर चालतात. गेममधली पात्रं मेणाच्या बाहुलीसारखी दिसू नयेत म्हणून ग्राफिक्स इंजिनमध्ये याचं वेगळं गणित लिहावं लागतं. हळदणकरांच्या चित्रात आडोशाच्या बोटांच्या कडा अशाच लाल पेटल्या आहेत. त्यांनी नीट पाहिलं आणि लाल रंग नेमका जिथे हवा तिथेच सोडला.

फॉरवर्डमध्ये काय हरवतं

आता आपल्या फोनवर परत येऊ. हे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. तिथे ते अंधाऱ्या कक्षात ठेवलेलं असतं. त्यामुळे आजूबाजूचा उजेड डोळ्यांना फसवत नाही आणि कागदावरची ती पंचवीस-तीस पटींची रेंज पुरी पडते. मागे बल्ब लावलाय का, असा संशय कित्येक प्रेक्षकांना येतो. बल्ब नाही, नुसता कागद आणि रंग.

व्हॉट्सॲपवर येताना याचं काय होतं? साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या मिळतात, त्यातल्या अंधारातल्या छटांच्या वाट्याला मोजक्याच येतात. कॉम्प्रेशन चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि बारीक फरक फेकून देतं. रंगाची माहिती तर उजळपणाच्या माहितीपेक्षा आणखी कमी ठेवली जाते. परिणाम म्हणजे अंधारात विरघळणाऱ्या त्या मऊ छटांच्या जागी पट्टे आणि चौकोन. वेब सिरीजच्या काळोख्या सीनमध्ये दिसतात तसेच. नेमकी जी गोष्ट जमवण्यासाठी चित्रकाराने आयुष्य घातलं, तीच सगळ्यात आधी उडते.

दुसरं हरवतं ते नाव. फोटो साधा पाठवला की व्हॉट्सॲप त्याच्यासोबतचा मेटाडेटा काढून टाकतं. उरतं ते फक्त कुणीतरी खाली टाइप केलेलं वाक्य. ते चुकीचं असेल तर पुढच्या हजार प्रतींमध्ये तेच जातं. मग उलटा इमेज सर्च केला तरी तीच चूक परत समोर येते आणि आपल्याला वाटतं, एवढे लोक सांगतायत म्हणजे खरंच असेल.

रविवर्मांचंच नाव का चिकटलं, हे कळण्यासारखं आहे. जगनमोहन राजवाड्यात रविवर्मांची अनेक चित्रं आहेत, त्याच संग्रहात हे. भारतीय स्त्री, साडी, वास्तववादी शैली दिसली की आपण एकच नाव घेतो. रविवर्मा थोरच होते आणि त्यांना यासाठी कुणाचं श्रेय उसनं घ्यायची गरज नाही. पण हिशोब सोपा आहे. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. तेव्हा हळदणकर चोवीस वर्षांचेही नव्हते आणि चित्रातली मुलगी जन्मलीसुद्धा नव्हती. रविवर्मांची ओळख तैलरंगाची, हे चित्र जलरंगाचं. दोन तारखा आणि एक माध्यम तपासलं असतं तरी फॉरवर्ड तिथेच थांबला असता.

माध्यम चुकीचं सांगणं हे मला नाव चुकवण्याएवढंच वाईट वाटतं. तैलचित्र म्हटलं की ती मऊ मिसळण सोपी वाटते, कारण तेल दिवसभर ओलं राहून चित्रकाराला साथ देतं. हळदणकरांना ती साथ नव्हती. त्यांच्याकडे होती मावळत जाणारी पाण्याची चमक आणि कुठे रंग लावायचा नाही याचं भान.

सावळाराम हळदणकर १९६८ मध्ये गेले. सावंतवाडीहून निघालेल्या या मुलाने त्याआधी तेलातही रंग मिसळून दाखवले आणि पाण्यातही, शिवाय कित्येकांना ते शिकवलं. आज त्यांचं चित्र बहुधा रोज कुणाच्या ना कुणाच्या फोनवर पोचतं, पण नाव पोचत नाही.

करण्यासारखं फार काही नाही, दोनच गोष्टी आहेत. पहिली, एक रातांबा किंवा साधा टोमॅटो घ्या, शाळेतली रंगपेटी काढा आणि कोरा कागद राखून त्यावर चमक टिकवून दाखवा. पहिले पाच कागद वाया जातील. सहाव्यावर तुम्हाला कळेल की त्या दिव्याजवळ नेमकं काय झालंय. दुसरी, येत्या दिवाळीत ते चित्र आलं की पुढे पाठवताना खालची ओळ बदला. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी, जलरंग. मूळ फाइल चांगली असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे छटाही टिकतील.

मी गेल्या दिवाळीत तसंच केलं, त्याच पन्नास जणांना, आधी माझीच चूक होती असं लिहून. आत्येने अंगठा दाखवला. आमच्या ग्रुपवर एवढं कौतुक क्वचितच होतं.